फ्लॉरेन्सच्या चित्रात मरीयेच्या डोक्यामागं उर्दू? कुणी सांगेल का

भटक्या_सातारकर:

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आम्ही दोघं आणि आई असे इटलीला जाऊन आलो, टूरवाल्यांबरोबर, म्हंजे दहा दिवसांत सात गावं वगैरे. फ्लॉरेन्सला उफिझी म्युझियमला दीड तास दिलेला, त्यातला अर्धा तास बाथरूम आणि डोकी मोजण्यात गेला आणि उरलेल्यात गाईडबाई छत्री वर धरून पळत सुटल्या कारण सगळ्यांना ते शिंपल्यातल्या बाईचं (बोत्तिचेल्लीची व्हीनस) चित्र बघायचं होतं. पण आई मधेच एका चित्रापुढं थांबली ती हलेचना. भलंमोठं, देवघरासारखी सोनेरी चौकट, वरती तीन कमानी, आणि आत नुसती गर्दी, घोडे काय, उंट काय, माकडं काय, आमच्या पालीच्या खंडोबाच्या यात्रेत असते तशी. खाली डाव्या कोपऱ्यात मरीया बाळ येशूला मांडीवर घेऊन बसलीये आणि बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांपैकी एक म्हातारा राजा गुडघे टेकून तिच्या बाळाच्या पायाशी वाकलाय, बाळ त्याच्या टकलावर हात ठेवतंय. पाटीवर नाव होतं जेंतिले दा फाब्रियानो, १४२३.

तर आई म्हणाली, अरे हे बघ, हिच्या डोक्यामागच्या चकतीत उर्दू लिहिलंय. मी म्हटलं काहीतरीच काय. जवळ जाऊन बघतो तर खरंच! सोन्यावर गोल फिरवत अक्षरं आहेत, मशिदीच्या कमानीवर असतात तशीच. तिच्या मागं उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याच्या, योसेफाच्या चकतीतपण तेच. गाईडबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या डेकोरेशन आहे आणि छत्री घेऊन पुढं. आता सहाशे वर्षांपूर्वीच्या इटलीत, चर्चमधल्या चित्रात, ते पण मरीयेच्याच डोक्यामागं हे कसं काय आलं? आई रोज विचारते. फोटो काढलाय पण काचेवर माझंच पोट दिसतंय.

वर्ख_आणि_बोळा:

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, हजारो लोक त्या चित्रापुढून जातात आणि राजांचे कपडे बघून निघून जातात. त्यांनी बरोबर हेरलंय.

उर्दू नाही, अरबी. आणि खरं सांगायचं तर अरबीपण नाही, अरबीचा नुसता भास आहे. चित्रकाराला अक्षर ओळखू येत नव्हतं पण ते दिसतं कसं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडं पोरं चिनी अक्षरांचे टीशर्ट घालून हिंडतात, त्यावर काय लिहिलंय ते ना घालणाऱ्याला माहीत ना छापणाऱ्याला, तसलं. पुस्तकात याला छद्म-कूफी म्हणतात, पण या चित्रापुरतं ते नाव तितकं बरोबर नाही, कूफी म्हंजे कोनाकोनाचं जुनं वळण, इथं आहे ते जाड, गोलाईदार, उंच दांड्यांचं, त्याला सुलुस म्हणतात, त्या काळी इजिप्त आणि सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांकडं ते वळण जोरात होतं.

आता फोटो परत काढून (पोट वगळून) बघा. अक्षरं सलग नाहीयेत. थोडी अक्षरं, मग एक गोल फूल, परत अक्षरं, परत फूल. हीच खरी चोरी पकडायची जागा! कैरो आणि दमास्कसमध्ये पितळेची ताटं, तस्तं, समया बनायच्या, पितळ कोरून त्यात चांदी ठोकून बसवलेली, आणि त्यांच्या काठावर सुलतानाच्या किंवा अमीराच्या पदव्या अशाच गोल फिरवत लिहिलेल्या असायच्या, मधे मधे फुलं टाकून. बिदरीचं काम पाहिलं असेल तर हात कसा चालतो ते कळेल, फक्त बिदरीत जमीन काळी आणि इथं पिवळी. जेंतिलेनं ते ताट जवळजवळ जसंच्या तसं उचललंय आणि मरीयेच्या डोक्यामागं ठेवलंय. फ्लॉरेन्सला यायच्या आधी तो व्हेनिसला होता, तिथं डोजच्या (म्हंजे तिथल्या राज्यप्रमुखाच्या) राजवाड्यात त्यानं भित्तिचित्रं केली होती (आता राहिली नाहीत), आणि व्हेनिसचा सगळा धंदाच अलेक्झांड्रियाशी. तिथल्या श्रीमंताच्या घरी असली ताटं असणारच.

भटक्या_सातारकर:

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते म्हणजे मागं परात ठेवलीये की. आता घरात त्या चित्राचं नाव परातवाली पडलंय, माफी असावी.

पण वर्खभाऊ, ताट असू दे, पण ते ख्रिश्चन, तिकडं क्रुसेडं वगैरे करून दमलेले, आणि मुसलमानी ताट देवाच्या आईच्या मागं? चित्र ज्यानं करून घेतलं त्याला चाललं कसं?

वर्ख_आणि_बोळा:

अहो चाललं काय, आवडलं! करून घेणारा होता पाल्ला स्ट्रोझी, सांता त्रिनिता चर्चमधल्या आपल्या घराण्याच्या चॅपेलसाठी. १४२७ ची करआकारणी आहे फ्लॉरेन्सची, त्यात शहरातला सगळ्यात श्रीमंत माणूस हाच. ते प्रसिद्ध मेदिची घराणंसुद्धा याच्या मागं. चित्रात धाकट्या राजाच्या मागं एकाच्या हातावर ससाणा आहे बघा, तिकडच्या बोलीत ससाणा पाळणाऱ्याला स्ट्रोझिएरे म्हणतात, म्हणजे देवाच्या चित्रात मालकाच्या आडनावाचा श्लेष घुसवलाय. असल्या माणसाला परदेशी माल ही मिरवायची गोष्ट होती.

आणि तारखा नीट बघा. फ्लॉरेन्सला स्वतःचं बंदर नव्हतं. १४०६ ला त्यांनी पिसा जिंकलं, १४२१ ला जिनोव्हाकडून लिव्होर्नो विकत घेतलं, १४२२ ला लगेच दोन वकील कैरोला सुलतान बार्सबायच्या दरबारी रवाना, की आम्हालाही व्हेनिससारख्या सवलती द्या आणि आमचं नाणं चालू द्या. आणि मे १४२३ ला हे चित्र पुरं झालं, तारीख आणि सही चौकटीवरच आहे. म्हंजे शहरभर कैरो कैरो चाललेलं असताना जेंतिले हे रंगवत होता. त्या दोन वकिलांतला एक फेलिचे ब्रांकाच्ची, तो पुढं पाल्ला स्ट्रोझीचाच जावई झाला. (मसाच्चोची भित्तिचित्रं असलेलं ते प्रसिद्ध ब्रांकाच्ची चॅपेल, ते याचंच.)

आता तुमचा धर्माचा प्रश्न. आपण आज अरबी अक्षर बघितलं की लगेच इस्लाम म्हणतो. त्यांना ते तसं दिसत नव्हतं. त्यांच्या लेखी ती पूर्वेकडची लिपी, जेरुसलेमकडून येणाऱ्या मालावरची लिपी, म्हणजे येशू जिथं जन्मला तिकडची. जुनी, महाग आणि पवित्र. एकच उदाहरण देतो. फ्रान्समध्ये आप्त नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये एक तलम कापड आहे, शेकडो वर्षं लोक ते संत हन्नाची ओढणी म्हणून पूजत आले. हन्ना म्हणजे मरीयेची आई. आणि त्या ओढणीच्या काठावर काय विणलंय? फातिमी खलिफा अल-मुस्तालीचं नाव. इजिप्तमध्ये दमिएत्ताला १०९६-९७ च्या सुमारास विणलेलं, सरळ अरबीत, वाचता येतं असं. पूजणाऱ्या कुणालाच ते वाचता येत नव्हतं म्हणून निभावलं. जिथं मरीयेच्या आईची ओढणीच अरबी काठाची होती तिथं लेकीच्या मागं अरबी परात असली तर बिघडलं कुठं.

खलाशी_रत्नागिरी:

मस्त धागा. मी लहानपणी मकतबमध्ये अरबी वाचायला शिकलो, अर्थ फारसा येत नाही पण अक्षर लावता येतं. सातारकरांचा फोटो सोडा, नेटवर या चित्राचा मोठा फोटो मिळतो, तो झूम करून काल रात्री तासभर बसलो, बायको म्हणाली काय देव बिव शोधताय का.

तर अनुभव सांगतो, फार गंमत वाटते. पहिल्या नजरेत वाचता येणार असं वाटतं. उभे उंच दांडे, अलिफ आणि लाम शेजारी शेजारी असतात ना तसे, मग खाली एक गाठ, मीमसारखी. आपण मनात म्हणतो अल-म... आणि पुढं काहीच नाही! जिभेवर शब्द येतो आणि विरघळतो. पुढच्या तुकड्यात परत तसंच. खऱ्या मामलुक ताटांवर अल-मलिक, अल-आलिम अशा पदव्यांची माळ असते, राजा, ज्ञानी, न्यायी वगैरे, त्यामुळं अल अल अल असे दांडे ठराविक अंतरानं येतात. यानं तो ठेका बरोबर पकडलाय. गाणं कळत नाही पण चाल पाठ, असं म्हणा.

अर्धं_हळकुंड:

मी वाचलंय की अशाच एका चित्रात उलटा कलमा (इस्लामचं श्रद्धावचन) लिहिलाय म्हणून, मसाच्चोच्या. म्हणजे चित्रकार छुपे मुसलमान होते अशी एक थिअरी आहे. त्यावर कुणी बोलत नाही.

वर्ख_आणि_बोळा:

@हळकुंड, चित्र कुठलं ते बरोबर आहे, मसाच्चोचं सान जोव्हेनाले, १४२२ चं, म्हणजे या चित्राच्या एकच वर्ष आधीचं. तिथंही मरीयेच्या चकतीत असलीच अक्षरं आहेत, आणि एका अभ्यासकानं तिथं कलमा उलटा वाचता येतो असं मांडलंही होतं. पण बहुतेकांना ते पटलेलं नाही. आणि समजा एखाद्यानं खऱ्या वस्तूवरून उतरवून घेताना खरे शब्द आले, तरी त्यावरून चित्रकार मुसलमान कसा ठरतो? माझ्या पुतणीच्या हातावर जपानीत काहीतरी गोंदलंय, ती जपानी आहे का.

खलाशी_रत्नागिरी:

@हळकुंड भाऊ, ढगात पण मला अल्ला लिहिलेलं दिसतं, कापलेल्या वांग्यातपण लोकांना दिसतं. नजर शोधायला लागली की सापडतंच.

उलट गंमत पण झालीये. लूव्र म्युझियममध्ये एक मामलुक तस्त आहे, पितळेचं, चांदीसोन्याच्या कामाचं, बनवणाऱ्यानं त्यावर सही केलीये, मुहम्मद इब्न अल-झैन. तेच भांडं फ्रान्सच्या राजघराण्यानं बाप्तिस्म्याला वापरलं, १६०६ ला तेरावा लुई त्यातच न्हाला. त्याला संत लुईचं बाप्तिस्म्याचं भांडं असं नाव पडलंय. त्यांना पण कुणी छुपं म्हणालं नाही!

हिमरूवाली:

मी कापडवाली आहे (आजोबांचा माग होता संभाजीनगरला, हिमरूचा) म्हणून माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेलं. तुम्ही सगळे परातीत अडकलात, राजांचे अंगरखे बघा की! ते डाळिंबासारखे मोठे बुट्टे, सोन्याची जमीन, हे सगळं किनखाबाच्या घराण्यातलं.

आणि उफिझीतच याच्या नव्वद वर्षं आधीचं एक चित्र आहे, सिमोने मार्तिनी आणि त्याचा मेहुणा लिप्पो मेम्मी या दोघांचं, १३३३ चं, सिएनाच्या कॅथेड्रलसाठी केलेलं. देवदूत येऊन मरीयेला सांगतो की तुला बाळ होणार, आणि ती अंग चोरून मागं सरकते, हातातलं पुस्तक अर्धवट मिटलेलं, बोट पानात तसंच. त्या देवदूताचे कपडे बघा. पांढरं शुभ्र, त्यावर सोन्याची बारीक बारीक पानं, सगळीकडं सारखी विखुरलेली, मधे मोठा बुट्टा कुठंच नाही. हे इटलीतलं विणकाम नाही. मंगोलांच्या राज्यात, इराण आणि मध्य आशियात विणलेलं जरीचं रेशीम, इटलीत त्याला तातारी कापड म्हणायचे. मंगोलांनी एवढा मोठा मुलूख एका हाताखाली आणला की चीनकडचा माल इराणमार्गे थेट जिनोव्हा-व्हेनिसला यायला लागला. अकरावा बेनेडिक्ट म्हणून पोप होता, त्याचे असल्या कापडाचे झगे पेरुज्यात अजून जपून ठेवलेत.

म्हणजे बघा हां, स्वर्गातून उतरलेला दूत, आणि अंगात चंगीझखानाच्या नातवंडांच्या राज्यातलं कापड!! मला तर हसूच आलं, पण विचार केला तर बरोबर आहे, देवदूत लांबून आलाय, त्याला लांबचंच कापड हवं. शिवाय त्याच्या उडणाऱ्या झग्याचं अस्तर चौकड्यांचं आहे, ते कुणी बघतच नाही.

वर्ख_आणि_बोळा:

हिमरूताई, क्या बात है. तुम्ही कापड म्हणालात म्हणून ते रंगवतात कसं ते सांगतो, कारण ते विणण्यासारखंच आहे. फळीवर जिप्सम-सरसाचा पांढरा थर, त्यावर लाल मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग दगडानं किंवा कुत्र्याच्या सुळ्यानं (हो, खरंच!) घोटून चकचकीत करायचं. लाल माती अशासाठी की वर्ख पातळ असतो, खालून ऊब दिसते. मग देवदूताच्या कपड्याच्या जागी सोन्यावरच अंड्याच्या बलकात कालवलेला रंग लावायचा, आणि वाळला की जिथं पान हवं तिथं लाकडी काडीनं रंग खरवडून काढायचा, आतलं सोनं वर येतं. त्यावर बारीक ठसे ठोकून पोत द्यायचा. पान रंगवलेलं नाहीये, उघडं केलंय. मरीयेच्या डोक्यामागची अक्षरं तर सरळ सोन्यातच कोरून आणि ठोकून काढलीयेत, म्हणजे पितळेवर काम करणारा जे करतो तेच हा वर्खावर करतोय. म्हणून तर ती मेणबत्तीच्या उजेडात हलल्यासारखी दिसत असणार, तुमच्या म्युझियमच्या पांढऱ्या दिव्यात काय कळणार.

आणि जेंतिलेच्या चित्रात तरुण राजाच्या पायाशी एक पोऱ्या ओणवा होऊन त्याच्या टाचेची आर (घोड्याला टोचायची) काढतोय, ती आर आणि राजांचे मुकुट चक्क उठावाचे आहेत, खाली लुकणाचा लगदा देऊन वर सोनं. तंजावरची चित्रं बघितलीत ना, भोसल्यांच्या दरबारातली, कृष्णाचे दागिने कसे फुगीर असतात, तीच युक्ती. एकमेकांकडून घेतली असं म्हणत नाही मी, पण ज्याच्या घरात तंजावर चित्र आहे त्याला हे चित्र लगेच ओळखीचं वाटतं.

सोन्याची जमीन कुठून आली म्हणाल तर ती बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलकडची. १२०४ ला क्रुसेडवाल्यांनी ते शहरच लुटलं, तिथल्या देवाच्या चित्रांच्या फळ्या आणि कारागीर इटलीत आले, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं इटलीतली मरीया ग्रीक तोंडाचीच राहिली. तो एक वेगळाच मोठा विषय आहे, परत कधीतरी.

वसईकर_सुकेळी:

एक बारीक दुरुस्ती, वर सगळे राजे राजे म्हणतायत, मराठी बायबलात ते मागी लोक आहेत, पूर्वेकडून आलेले, आणि किती होते तेही लिहिलेलं नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, आणि राजे नंतर झाले. पण आम्ही पण तीन राजेच म्हणतो, ६ जानेवारीला सण. गोव्यात मांडवीच्या काठी रेइश मागुश चर्च आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी, नावच तीन राजांचं. तिथं त्या दिवशी तीन पोरं मुकुट घालून राजे होतात. मी लहानपणी एकदा मावशीबरोबर बघायला गेलो होतो, मला वाटलेलं मलाही राजा करतील.

आणि पूर्वेकडून आले म्हणूनच तर चित्रकाराला सगळं पूर्वेचं घालायला मोकळं रान मिळालं ना? गोठ्यातल्या जन्माचं चित्र काढायचं तर उंट आणि माकडं कुठून आणणार, पण मागी आले की फेटे, चित्ते, ससाणे सगळं चालतं.

पायताण_कोल्हापूर:

चित्ता? घोड्यावर मागं बसवलेला? आमच्या कोल्हापूरचे शिकारी चित्ते आठवले, संस्थानाकडं चित्तेवान असायचे पदरी.

वसईकर_सुकेळी:

हो, वरच्या मिरवणुकीत शोधा, गर्दीत आहे.

रिकामटेकडा_मिलान:

सातारकर, जखमेवर मीठ चोळतोय पण सांगतोच. उफिझीपासून चालत पाच-सात मिनिटांवर बार्जेल्लो म्युझियम आहे, तिथं इस्लामी वस्तूंची एक आख्खी खोली आहे, १८८८ ला एका फ्रेंच संग्राहकानं शहराला दिलेल्या वस्तू, त्यात मामलुक पितळी काम समोर ठेवलंय. म्हणजे सकाळी परात बघायची आणि दुपारी चित्रातली परात बघायची. तिकिटाला रांग पण नसते, सगळे शिंपल्यातल्या बाईकडं असतात.

आणि चित्राच्या खालच्या पट्टीतली तीन छोटी चित्रं बघितलीत का? त्यातलं उजवीकडचं नक्कल आहे, खरं पॅरिसला आहे, नेपोलियनच्या काळात गेलं ते परत आलंच नाही. डावीकडचं मात्र खरं, रात्रीचं आहे, बाळाच्या अंगातूनच उजेड पडतोय भिंतीवर. माझ्या मते आख्ख्या चित्रात तेच भारी, पण ते गुडघ्याच्या उंचीवर आहे म्हणून वाकावं लागतं.

भटक्या_सातारकर:

मंडळी खूप खूप आभार. सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोन संध्याकाळी गेल्या. आप्तच्या ओढणीचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली आमच्या माहेरी देवाच्या गाभाऱ्यात एक घंटा होती, तिच्यावर पण काहीतरी परकी अक्षरं होती, आम्हाला वाटायचं संस्कृत. आता कुणाला तरी गावाकडं पाठवून फोटो मागवलाय, आला की इथं टाकतो, खलाशीभाऊ तुम्ही तयार राहा.

टूरवाल्यांना बार्जेल्लोचं विचारलं तर ते म्हणाले आयटनरीत नाही. मेहुणीची मुलगी शिकायला बोलोन्याला चाललीये सप्टेंबरात, तिला काम लावलंय, योसेफाच्या चकतीचा जवळून फोटो, काचेवर कुणाचं पोट नको. आणि रात्रीचं छोटं चित्र पण, वाकून.